मेंदूचा ऱ्हास आणि मनाची शुश्रूषा



अहवालाच्या या पानांवर आम्ही दरवर्षी एखाद्या आजाराची माहिती सोप्या भाषेत देण्याचा प्रयत्न करतो. यंदा ज्या विषयावर लिहीत आहोत, त्याविषयी आपल्याकडे उघडपणे बोलले जात नाही, आणि आम्हीही आजवर पुरेसे बोललो नव्हतो. हे मौन किती महाग पडू शकते, हे एका रुग्णाने आम्हाला शिकवले. ओळख पटू नये म्हणून त्यांच्याविषयीचे काही तपशील आम्ही बदलले आहेत.

हे रुग्ण म्हणजे आपल्या जिल्ह्यातील एका खेड्यातले निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांचे अक्षर मोत्यासारखे होते. निवृत्तीनंतरही गावातले अर्ज, मंदिराच्या फळ्यावरील सूचना, लग्नपत्रिकांचे मजकूर त्यांच्याच हातून उतरत. पुढे ते अक्षर बारीक होत गेले, ओळ संपता संपता अगदी मुंगीएवढे होऊ लागले. उजव्या हाताला कंप सुटला. आमच्या बाह्यरुग्ण विभागात तपासणी झाली आणि कंपवाताचे, म्हणजेच पार्किन्सनच्या आजाराचे निदान झाले. त्या दिवशी गर्दी होती. हा आजार पूर्ण बरा होत नाही, औषधे आयुष्यभर घ्यावी लागतील, घाबरू नका, महिन्याने या, असे सांगून आम्ही पुढच्या रुग्णाकडे वळलो. गुरुजींनी हात जोडले आणि ते गेले.

महिन्याने ते आले नाहीत. त्यानंतर काही आठवड्यांनी त्यांचा मुलगा आला, तो वडिलांची फाईल बंद करा, हे सांगायला. गुरुजींनी स्वतःचे आयुष्य स्वतःच्या हाताने संपवले होते. जाताना मुलाने विचारले, "डॉक्टर, आजार तर हाताला होता. मग हे कसं झालं?"

आम्ही गुरुजींचा केसपेपर पुन्हा उघडला. नाडी, रक्तदाब, हातापायांचा ताठरपणा, चालण्याची ढब, औषधांची मात्रा अशा सर्व नोंदी व्यवस्थित होत्या. मनाविषयी मात्र एकही ओळ नव्हती. प्रस्तुत लेख हा त्या मुलाच्या प्रश्नाला आम्ही उशिरा दिलेले उत्तर आहे.

हे आजार कोणते?

मेंदूतील किंवा मज्जारज्जूतील विशिष्ट पेशी हळूहळू निकामी होत जातात, अशा आजारांचा एक मोठा गट आहे. कंपवातात हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या पेशी कमी होतात. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे पहिले व्यवस्थित वर्णन केले. अल्झायमर आणि स्मृतिभ्रंशाच्या इतर प्रकारांत स्मरण, विचार आणि ओळख यांचा ऱ्हास होतो. मोटर न्यूरॉनच्या आजारात स्नायूंना आज्ञा देणाऱ्या पेशी मरतात आणि बोलणे, गिळणे, श्वास घेणेही कठीण होत जाते. हंटिंग्टनचा आजार आनुवंशिक असून आईला किंवा वडिलांना तो असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते.

हे आजार विरळा आहेत, अशी समजूत असल्यास ती दूर व्हावी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. आयुर्मान वाढत आहे, तसतशी ही संख्याही वाढणार आहे. "म्हातारपणाची सवय", "वाताचा विकार", "डोक्यावर परिणाम" अशा नावांखाली आपल्या गावांतही हे रुग्ण आहेत, आणि त्यांपैकी कित्येकांचे निदानच झालेले नाही.

उदासी हा आजाराचाच भाग

मुलाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की, आजार हाताला नव्हताच. हात केवळ दाखवत होता. आजार मेंदूत होता. आणि मन ज्याला म्हणतो, त्याचा आधारही तोच मेंदू आहे.

कंपवातात डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी घटतात, हे अनेकांना ठाऊक असते. परंतु त्याच आजारात सेरोटोनिन आणि नॉरॲड्रिनलिन ही रसायने तयार करणाऱ्या केंद्रांनाही इजा पोहोचते. मनःस्थिती, झोप, उत्साह आणि आशा यांचा तोल ही रसायने सांभाळत असतात. त्यामुळे कंपवाताच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत उदासीची ठळक लक्षणे आढळतात. कित्येकदा हाताला कंप सुटण्याच्या काही वर्षे आधीच उदासी किंवा अकारण चिंता सुरू झालेली असते. म्हणजे "एवढा आजार झाल्यावर माणूस खचणारच" हे स्पष्टीकरण अपुरे आहे. माणूस खचतो हे खरे. पण खचलेल्याला सावरण्याचे जे साधन मेंदूत असते, तेही आजाराने दुबळे केलेले असते.

येथे आणखी एक अडचण आहे. कंपवातात चेहऱ्याचे स्नायू ताठर होऊन मुद्रा भावशून्य दिसू लागते, आवाज बारीक होतो, हालचाल मंदावते. उदास माणूसही असाच दिसतो. त्यामुळे उदास नसलेला रुग्ण उदास भासतो आणि खरोखर उदास असलेल्याची उदासी आजाराच्या खात्यावर मांडली जाते. स्मृतिभ्रंशात याहून वेगळी अशी निरिच्छता आढळते. रुग्णाला दुःख होत नसते, परंतु कशातच रस उरत नाही. चेहरा पाहून हा भेद करता येत नाही. त्यासाठी विचारावे लागते.

२०१४ साली अमेरिकेतील विख्यात विनोदी अभिनेते रॉबिन विल्यम्स यांनी आत्महत्या केली, तेव्हा सारे जग चकित झाले. त्याच्या काही महिने आधीच त्यांना कंपवाताचे निदान सांगण्यात आले होते. मृत्यूनंतरच्या तपासणीत त्यांच्या मेंदूत लुई बॉडी या स्मृतिभ्रंशाच्या प्रकाराची व्यापक लक्षणे सापडली. लाखोंना हसवणाऱ्या माणसाच्या भीतीला आणि चिंतेला शारीरिक कारण होते. हे त्यांच्या घरच्यांना कळले, तेव्हा फार उशीर झालेला होता.

धोका कधी अधिक असतो?

अमेरिकेतील वैद्य जॉर्ज हंटिंग्टन यांनी १८७२ साली त्यांच्या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या आजाराचे वर्णन केले, तेव्हाच त्यात आत्महत्येकडे असलेला कल नमूद केला होता. म्हणजे ही गोष्ट वैद्यकशास्त्राला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. अलीकडे तिची मोजदाद झाली. डेन्मार्क या देशात १९८० ते २०१६ या काळातील ७३ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात मेंदू व मज्जासंस्थेचे आजार असलेल्यांत आत्महत्येचे प्रमाण वर्षाला एक लाखामागे सुमारे ४४, तर असे आजार नसलेल्यांत सुमारे २० आढळले. मोटर न्यूरॉनचा आजार आणि हंटिंग्टनचा आजार यांत धोका जवळजवळ पाचपट, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये दुपटीहून थोडा अधिक आणि कंपवातात सुमारे पावणेदोनपट होता.

या आकड्यांनी कोणी भयभीत होऊ नये. लाखामागे ४४ याचा अर्थ असा की, बहुसंख्य रुग्ण आजारासह आपले आयुष्य पुरे करतात. आम्हाला या अभ्यासातील दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. धोका सर्वकाळ सारखा नव्हता. निदानानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत तो सर्वाधिक होता आणि पुढे वर्षे जातील तसा कमी होत गेला. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत तर एकूण प्रमाण इतर लोकांपेक्षाही कमी आढळले. परंतु निदानानंतरच्या पहिल्या महिन्यात तेच प्रमाण सुमारे तिप्पट होते.

याचे कारण विचार केल्यास ध्यानात येते. आजाराच्या आरंभी रुग्णाची समज शाबूत असते. पुढे काय वाढून ठेवले आहे, ते त्याला दिसते, आणि जे दिसते ते बहुधा सर्वांत वाईट चित्र असते. कधीकाळी पाहिलेला एखादा अंथरुणाला खिळलेला नातेवाईक त्याला आठवतो. आजार कितीही संथ असला, तरी आपला शेवट उद्यावरच येऊन ठेपला आहे असे त्याला वाटते. त्या वेळी वस्तुस्थिती समजावून सांगणारे कोणी जवळ नसले, तर त्या चित्राशी तो एकटाच झुंजत राहतो. गुरुजी याच काळात गेले. आम्ही त्यांना निदान दिले, पण निदानानंतरच्या दिवसांसाठी काहीच दिले नाही.

याखेरीजही काही प्रसंग जपण्यासारखे असतात : काम किंवा वाहन चालवणे कायमचे सुटते तेव्हा, पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातून जेवावे किंवा आंघोळ करावी लागते तेव्हा, जोडीदाराचा मृत्यू होतो तेव्हा, औषधांत मोठा बदल होतो किंवा मेंदूत विद्युत उपकरण बसवण्याची शस्त्रक्रिया होते तेव्हा. पूर्वी कधी उदासीचा आजार झाला असेल, दारूचे व्यसन असेल किंवा पूर्वी असा प्रयत्न घडलेला असेल, तर अधिक सावध राहावे.

आपल्या जिल्ह्याची वस्तुस्थिती

जालना जिल्ह्याला आत्महत्या हा शब्द दुर्दैवाने नवा नाही. दुष्काळ, नापिकी आणि कर्ज यांमुळे खचलेल्या शेतकऱ्यांची दुःखे आपण जवळून पाहिली आहेत. राज्य शासनाने २०१५ साली सुरू केलेल्या 'प्रेरणा' प्रकल्पात मराठवाड्यातील आठ आणि विदर्भातील सहा असे चौदा जिल्हे घेण्यात आले, त्यांत आपला जिल्हा होता. आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन नैराश्याची लक्षणे विचारावीत आणि गरजू व्यक्तीला उपचारापर्यंत पोहोचवावे, ही त्यामागची कल्पना. संकटात सापडलेल्या माणसाची वाट पाहत बसू नये, आपणच त्याच्या दारी जावे, हे या प्रकल्पाने दाखवून दिले. परंतु "कर्ज नाही, मुले मार्गी लागली, मग यांना कसले दुःख?" अशा समजुतीने वृद्ध आणि आजारी माणसाकडे लक्ष जात नाही. वास्तविक राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ सालच्या अहवालानुसार देशातील १,७०,९२४ आत्महत्यांपैकी १८.४ टक्क्यांच्या मागे आजारपण हे कारण नोंदलेले आहे. कौटुंबिक समस्यांच्या खालोखाल हेच मोठे कारण आहे. त्याच वर्षी महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या नोंदल्या गेल्या आणि ही संख्या देशात सर्वाधिक होती.

आपल्या भागाच्या काही अडचणी वेगळ्या आहेत. मेंदूविकारतज्ज्ञासाठी पुष्कळ कुटुंबांना सुमारे साठ किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, आणि मंठा, परतूर किंवा घनसावंगीच्या खेड्यातून निघणाऱ्यांसाठी ते अंतर याहूनही मोठे असते. कंप सुटलेल्या किंवा विसर पडणाऱ्या माणसाला एसटीतून नेणे-आणणे हा सोबतच्या माणसाचा पूर्ण दिवस असतो, त्या दिवसाची मजुरी बुडते. दसरा-दिवाळीनंतर कित्येक कुटुंबांतील कर्ती माणसे ऊसतोडीला जातात. काहींची मुले पुण्यात किंवा वाळूजच्या कारखान्यांत कामाला असतात. घरी उरतात ती वृद्ध माणसे आणि कपाशी-मोसंबीच्या फवारणीसाठी आणून ठेवलेली औषधे. या दोन्ही गोष्टी एकाच घरात आणि सोबतीला एकटेपणा, हा योग धोक्याचा आहे.

विचारल्याने विचार मनात येत नाही

नातेवाइकांची सर्वांत मोठी भीती अशी असते की, असा प्रश्न विचारला तर नसलेला विचार त्यांच्या डोक्यात भरेल. आम्हा वैद्यकीय मंडळींपैकीही अनेकांना तसेच वाटत असे. अनुभव आणि संशोधन दोन्ही याच्या उलट सांगतात. प्रेमाने आणि स्पष्टपणे विचारल्याने विचार रुजत नाही. उलट आधीच असलेल्या विचाराला वाट मिळते आणि त्याचा जोर ओसरतो.

आपली माणसे "मला नैराश्य आले आहे" असे म्हणत नाहीत. ती म्हणतात, "आता माझं काय राहिलं", "तुमच्यावर ओझं झालोय", "देवानं आता न्यावं", "डोळे मिटले तर सुटलो". दर वेळी या वाक्यांचा अर्थ गंभीर असतोच असे नाही. परंतु "असं अभद्र बोलू नये" म्हणून त्यांना गप्प करणे हा उपाय नव्हे. जवळ बसावे, हात हातात घ्यावा आणि विचारावे, "बाबा, जीव नकोसा वाटतो का? कधी स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?" उत्तर "हो" असे आले, तर उपदेश करू नये, रागावू नये, रडारडही करू नये. सांगितले हे बरे केले, असे म्हणावे, त्यांना एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

शब्दांखेरीज वागणुकीतही खुणा दिसतात : झोप व भूक एकाएकी कमी होणे, हरिपाठ, पारावरची बैठक, नातवंडे अशा आवडीच्या गोष्टींकडे पाठ फिरवणे, औषधे घेणे बंद करणे किंवा साठवणे, जमीनजुमल्याची कागदपत्रे घाईने वाटून देणे, सर्वांचा निरोप घेतल्यासारखे बोलणे. फार दिवसांच्या उदासीनंतर अचानक आलेली शांतता हीदेखील कधीकधी धोक्याची खूण असते.

उपचार आहेत

मेंदूच्या पेशींचा ऱ्हास थांबवणारे औषध यांपैकी बहुतेक आजारांत अद्याप नाही. त्यावरून "मग मनावर तरी काय इलाज असणार?" असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे. मूळ आजार बरा होत नसला, तरी त्यासोबतची उदासी पुष्कळदा उपचारांनी हटते. उदासीवरील औषधांचा गुण दिसू लागण्यास साधारणतः दोन ते सहा आठवडे लागतात. तोवर धीर धरावा आणि औषध मध्येच सोडू नये. कंपवातात डोपामिनच्या औषधाचा प्रभाव ओसरतो त्या तासांत मनही खाली जाते. अशा वेळी औषधाच्या वेळा बदलूनही फरक पडतो. समुपदेशन, नियमित चालणे व व्यायाम, पुरेशी झोप आणि वेदनांवर इलाज यांचाही मोठा उपयोग होतो.

यासोबत काही खबरदारी आवश्यक आहे. मनोविकारांवरील काही औषधे कंपवात वाढवतात, काही औषधांचे एकमेकांशी जमत नाही, म्हणून रुग्ण घेत असलेले प्रत्येक औषध डॉक्टरांना दाखवावे. खाजकुयलीच्या बियांत डोपामिनशी संबंधित द्रव्य नैसर्गिकरीत्याच असते, तेव्हा तिची चूर्णेही लपवू नयेत. कंपवाताचे औषध एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. काही औषधांमुळे रुग्ण कधीकधी उतावळा होतो, जुगार किंवा वायफळ खर्च करू लागतो. हा स्वभावदोष नसून औषधाचा परिणाम असतो. तो त्वरित कळवावा.

घरातील फवारणीची औषधे कुलपात, शक्यतो घराबाहेर ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. रुग्णाची औषधे आठवड्यापुरतीच हाताशी असावीत. एवढ्याशा अडथळ्याने काय होणार, असे वाटेल. परंतु तीव्र आवेगाचा तो काळ बहुधा अल्प असतो आणि तेवढा निभावून नेला तर माणूस वाचतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. लोकांची दुःखे संपली नव्हती. केवळ साधन सहज हाती लागत नव्हते.

रोग्याच्या उशाशी बसणाऱ्याचे मन

रुग्णाइतकीच काळजी शुश्रूषा करणाऱ्याची घ्यावी लागते. आपल्याकडे हे काम बहुधा पत्नी, सून किंवा लेक करते. रात्री-अपरात्री उठणारा, तोच प्रश्न शंभरदा विचारणारा, कधी हात उगारणारा माणूस सांभाळताना तिचीही झोप, कमाई आणि उमेद जाते. ती मात्र "माझं काय, यांचं बघा" एवढेच म्हणते. तिच्या मनातही जीव नकोसा झाल्याचा विचार येऊ शकतो. म्हणून भावकीने आणि शेजाऱ्यांनी केवळ विचारपूस करून थांबू नये. आठवड्यातून एक दुपार रुग्णाजवळ बसून तिला मोकळे करावे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या मराठी चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. शक्य असल्यास तो कुटुंबाने एकत्र बसून पाहावा. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण आणि शुभंकर अशा दोघांनाही एकत्र आणते. समदुःखी माणसांच्या सहवासाचे मोल तेथील सभांतून दिसते. असे एखादे मंडळ आपल्या जिल्ह्यातही उभे राहावे, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

कायद्याची भीती बाळगू नये

असा प्रयत्न घडला तर पोलिसांच्या भीतीने कुटुंबे तो लपवतात, उपचाराला उशीर करतात. हा भाग नीट समजून घ्यावा. भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा पूर्वी गुन्हा होता. डोक्याला मार बसल्यानंतर मानसिक आजार जडलेल्या मुंबईच्या एका पोलीस शिपायाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली हे कलम घटनाबाह्य ठरवले. अशा माणसाला तुरुंगाची नव्हे, तर उपचारांची गरज असते, ही दृष्टी त्यामागे होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तोच मार्ग स्वीकारला, परंतु १९९६ साली मोठ्या पीठाने ते कलम पुन्हा वैध ठरवले. पुढे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आला. २०१८ पासून लागू झालेल्या या कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यावर उपचार व तिचे पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न वगळता, हा गुन्हाच उरलेला नाही. तेव्हा डॉक्टरांपासून काहीही लपवू नये.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये कंपवात, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि मज्जासंस्थेचे दीर्घकालीन आजार यांचा समावेश आहे, हेही अनेकांना माहीत नसते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास कुटुंबाला शासकीय सवलतींचा आधार मिळू शकतो आणि आपण ओझे आहोत ही रुग्णाची टोचणीही थोडी हलकी होते.

आम्ही काय बदलले, आणि काय मागतो

गुरुजींच्या मुलाने प्रश्न विचारला, त्यानंतर आम्ही आमच्या कामात काही बदल केले. असे निदान आता गर्दीत, उभ्या-उभ्या सांगितले जात नाही. वेगळ्या वेळी, घरातील एका माणसाला सोबत बसवून सांगितले जाते. काय बरे होणार नाही यापेक्षा काय करता येईल, ते आधी सांगितले जाते. केसपेपरवर मनाविषयीचे प्रश्न छापले आहेत : गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होते का, आवडीच्या कामात रस वाटला का, जगणे नकोसे वाटले का. रक्तदाबाप्रमाणेच या उत्तरांची नोंद दर भेटीत होते. दुसरी भेट महिन्याने नव्हे, तर दोन आठवड्यांच्या आत ठेवली जाते. ठरलेल्या तारखेला रुग्ण आला नाही, तर त्याच आठवड्यात आमच्याकडून फोन जातो.

एक गोष्ट मात्र अद्याप साधलेली नाही. पहिल्या तीन महिन्यांत प्रत्येक रुग्णाच्या घरी एकदा तरी जाऊन यावे, असे आम्ही ठरवले आहे. त्यासाठी पूर्णवेळ समुपदेशक, वाहन आणि इंधन यांची तरतूद हवी. तसा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. आम्हाला जाणीव आहे की, अशा खर्चाचे उद्घाटन करता येत नाही, त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही, आणि त्याने किती जीव वाचले हेही कधी मोजून दाखवता येणार नाही. जो माणूस जगला, तो का जगला याची नोंद कोणत्याच वहीत होत नसते. तरीही आमची नम्र विनंती आहे की, नव्या यंत्रासाठी आपण जितक्या उदारतेने हात पुढे करता, तितक्याच उदारतेने या घरभेटींसाठीही करावा.

आणि रुग्णांच्या कुटुंबीयांना एवढेच सांगावयाचे की, तारीख नसली तरी या. रात्री-अपरात्री मन फार खचले, तर शासनाची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. प्रसंग तातडीचा असेल, तर थेट जवळच्या रुग्णालयात यावे.

गुरुजींचा केसपेपर आम्ही जपून ठेवला आहे. त्यावर संमतीसाठी घेतलेली त्यांची सही आहे, बारीक आणि थरथरती. ती पाहून आम्ही तेव्हा निदान बरोबर केले. ती सही करणाऱ्याच्या मनात काय चालले आहे, हे मात्र आम्ही विचारले नव्हते. आता विचारतो.